दोन हजार फुटांवरून उज्जैन

आईच्या कंप्यूटरवर आता उशांच्या खोळी ठेवलेल्या असतात. मी इंदूरहून महिन्यातून दोनदा येते, नानाखेड्याला बस स्टँडवर उतरते, चालतच घर गाठते, आणि मागच्या खोलीत पिशवी ठेवायला गेले की पहिल्यांदा तेच दिसतं. जुना जाडजूड मॉनिटर, त्याच्या डोक्यावर खोळींची घडी, आणि पुढ्यात ती काळी दांडी. दांडीचं रबर घासून घासून अंगठ्याच्या जागी गुळगुळीत झालंय. कधीकधी मी तिथे माझा अंगठा ठेवून बघते. बसत नाही. आईचा हात लहान आहे.

"ते कुणाला तरी देऊन टाक गं," ती स्वयंपाकघरातून म्हणते. "उगीच जागा अडवून बसलंय."

कुणाला देणार? मी हो म्हणते आणि खोलीतून बाहेर येते. पुढच्या खेपेला ते तिथेच असतं, खोळी तेवढ्या बदललेल्या असतात.

आमच्या घरात विमान आलं ते माझ्यासाठी. मी नववीत होते. बाबा बँकेत, साताऱ्याकडून बदली होऊन उज्जैनला आले ते इथलेच झाले. आई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची, हिंदीतून. शाळेत ती 'देशांतर रेखा' म्हणायची आणि घरी आली की 'रेखांश'. फाटकातून आत येता येता तिची भाषा बदलायची, चप्पल काढावी तशी. माझ्या अभ्यासासाठी म्हणून बाबांनी कंप्यूटर घेतला आणि फ्रीगंजच्या दुकानदारानं वर चार सीड्या दिल्या. त्यातली एक विमान उडवायची होती, आणि विमान वळवायला तिच्याबरोबर ती काळी दांडी.

मी दोन दिवस उडवलं. सात वेळा आपटलं. तिसऱ्या दिवशी कंटाळून उठले, तर आई येऊन बसली.

ती आपटली नाही, कारण ती उडालीच नाही. चार दिवस ती विमान नुसतं धावपट्टीवर चालवत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळवायचं, परत. शेजारी डिक्शनरी आणि माहितीपुस्तक. बाबा दारातून बघायचे. "बस आहे का ती?" ते म्हणायचे. आई मान वर न करता म्हणायची, "आधी नीट चालता आलं पाहिजे."

पाचव्या दिवशी ती उडाली. मी शेजारीच बसले होते. जमीन खाली गेली, आवाज बदलला, आणि आईनं दोन्ही पाय खुर्चीच्या दांडीवर उचलून घेतले. खोलीत पाणी शिरलं की बायका उचलून घेतात तसे.

मग त्याचं एक वेळापत्रक झालं. शाळा सुटली की चारला घरी. चहा. केसांना एक चाप जास्तीचा. पदर खोचायचा. मागच्या खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावायचा, त्याचा ओला वास खोलीभर झाला की मग मशीन सुरू. तिनं एक वही केली होती, त्यात पहिल्या पानावर देवनागरीत यादी होती. इंधन. दिवे. पंखांच्या झडपा. वारा कुठून. आणि सगळ्यात शेवटी: मागचं दार लावलं का? हे विमानाचं नव्हतं. आमच्याकडे माकडं येतात. एकदा आई आठ हजार फुटांवर असताना एका माकडानं ओट्यावरची अख्खी पपई नेली होती, तेव्हापासून यादीत भर पडली.

आधी ती सगळं जग फिरली. समुद्र, बर्फाचे डोंगर, वाळवंटं. तीस वर्षं फळ्यावर खडूनं काढलेलं ती वरून बघत होती. आम्हाला हाका मारायची, "ये गं, बघ, त्रिभुज प्रदेश!" एका संध्याकाळी तिनं अक्षांश आणि रेखांश घातले आणि उज्जैनला आली. मी अभ्यास करत होते. विमान एकाच जागी घुमत राहिलं म्हणून वळून पाहिलं.

पडद्यावर तपकिरी माळ होता. त्यातून एक निळी रेघ गेली होती, पट्टीनं आखल्यासारखी सरळ. बाकी काही नाही.

"ही क्षिप्रा?" आई म्हणाली. तिचा चेहरा वर्गातला झाला होता. "एवढं मोठं शहर आहे आणि यांच्याकडे काहीच नाही? एक वळणसुद्धा नाही?"

"कंपनी कुठली, आपण कुठले," बाबा म्हणाले. "त्यांना काय पडलंय."

"मग आपण करू," आई म्हणाली.

ते करायला सात वर्षं लागली.

आता त्या वर्षांची आठवण काढली की आधी थंडी येते. आईला प्रत्येक गोष्ट मोजायची असायची आणि गर्दीच्या आधी मोजायची असायची. रविवारी पहाट झाली की बाबांची स्कूटर, मधे मी, मागे आई, तिच्या मांडीवर थैलीत मापाची फीत, वही आणि कॅमेरा. स्कूटर सुरू करायला बाबा ती आधी डावीकडे कलती करायचे, त्या पेट्रोलच्या वासाबरोबर दिवस उजाडायचा. वेधशाळेच्या भिंती किती उंच, टॉवर चौकातला मनोरा किती, हरसिद्धीच्या दोन दीपमाळांत अंतर किती. फितीचं पितळी टोक धरून मी उभी असायची आणि ते इतकं गार असायचं की बोटं आत ओढून शालीच्या टोकानं धरावं लागायचं. आई दुसऱ्या टोकाकडे जात जात लहान व्हायची. मग लांबून हात वर करायची. मी आकडा लिहायचा.

ती भिंतींचे फोटो काढायची. माणसांचे नाही, नुसत्या भिंतींचे. लोक थांबून विचारायचे, "मैडम, यहाँ क्या है?" ती म्हणायची, "दीवार है।" घरी आल्यावर ते फोटो ती कंप्यूटरमध्ये एकेका ठोकळ्यावर चिकटवायची. अशा रीतीनं एकेक घर उभं राहायचं. परतताना पोहे आणि जिलेबी व्हायची. कागदाचा तो द्रोण आणि बडीशेपेचा वास मला अजून मोजमापाचाच वास वाटतो.

व्यास पंडितजी आम्हाला राम घाटावर भेटले. म्हणजे आधी ते आमच्या घरी आले होते. त्यांची मुलगी आईच्या वर्गात होती आणि भूगोलात नापास झाली होती. ते बोलायला आले, बाहेरच्या खोलीत बसले, आईनं पाणी दिलं. मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि पडद्यावर अर्धवट घाट दिसत होता. पंडितजी पेला हातात घेऊन उठलेच.

"मैडम, ये तो अपना घाट है!"

"हाँ। अभी अधूरा है।"

ते पडद्याजवळ गेले, वाकले. "पर छत्री गलत जगह है। मेरा तख्त इधर है। और ये सीढ़ियाँ... आपने कितनी ली हैं?"

आईनं आकडा सांगितला.

"गिनती में गड़बड़ है," ते म्हणाले. "चार पीढ़ी से उतर रहे हैं, मैडम। रविवार को आइए।"

आम्ही रविवारी गेलो. पंडितजी छत्रीखाली तख्तावर बसून यजमानांना संकल्प सांगत होते. ओल्या दगडांचा, झेंडूचा आणि तिळाच्या तेलाचा वास. यजमान हातात पाणी घेऊन बसले होते आणि पंडितजींचा आवाज एका लयीत चालला होता. कुठलं द्वीप, कुठला खंड, कुठलं क्षेत्र, कुठली नदी, नदीचा कुठला तट, मग संवत्सर, महिना, तिथी, वार, आणि सगळ्यात शेवटी माणसाचं नाव. आई ऐकत उभी राहिली. संपल्यावर म्हणाली, "पंडितजी, पायलट भी यही बोलता है। मैं कहाँ हूँ, किस समय हूँ, कौन हूँ।"

"किससे बोलता है?"

"जमीन पर एक आदमी बैठता है, उससे।"

"और वो क्या बोलता है?"

"अनुमति देता है। उड़ो, उतरो, ठहरो।"

पंडितजी हसले. पण पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला: ते जमिनीवरच्या माणसाचं काम त्यांना येईल का?

आलं. आईनं त्यांना बारा वाक्यं शिकवली. त्यांच्या घरी लँडलाइन होती, आमच्याकडेही होती. आई फोनचा रिसीव्हर मान कलती करून कान आणि खांद्यात धरायची आणि पंडितजी तिकडे आईनं काढून दिलेला नकाशा मांडीवर घेऊन बसायचे. त्यांच्याकडे पडदा नव्हता. ती जिथे आहे म्हणेल तिथे ते पेन्सिलीनं खूण करायचे. घाटावर तयार झालेला तो आवाज आमच्या मागच्या खोलीत यायचा: "उत्तर से हवा है, मैडम। आप उतर सकती हैं। मुहूर्त भी ठीक है।" शेवटचं वाक्य बारांत नव्हतं. आईनं ते काढायला सांगितलं, त्यांनी काढलं नाही. त्यांची मुलगी पुढच्या परीक्षेत पास झाली. तिला वडिलांनी नकाशा पाठ करून दाखवला होता म्हणे.

आईनं उज्जैन चार वेळा रंगवलं. चार ऋतूंचं वेगवेगळं. उन्हाळ्यात भोवतालची शेतं करड्या रंगाची, मातीला पडलेल्या भेगांसकट. पावसाळ्यात सोयाबीनचा तो एकसारखा हिरवा, आणि नदी घाटाच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत चढलेली. थंडीत हरभरा आणि गहू, दोन वेगळे हिरवे. होळीनंतर सगळं पिवळं. कंप्यूटरातली तारीख बदलली की ऋतू बदलायचा. पण आई कधी मुद्दाम बदलायची नाही. बाहेर पाऊस असेल तर आतही पाऊस. ती म्हणायची, खोटं उडायचं नाही.

नानाखेडा तिनं सगळ्यात शेवटी केलं. आमचं घर केलं. पाण्याची टाकी, तुळस, कपडे वाळत घालायची तार. आणि एक दिवस मी कॉलेजातून आले तर बाबा पडद्यासमोर उभे होते, चष्मा कपाळावर सरकवून.

"हा कोण?"

छतावर एक माणूस उभा होता. पांढरा बनियन, निळी लुंगी, हातात झारी. बाबा रोज संध्याकाळी छतावर कुंड्यांना पाणी घालायचे.

"इतका जाड आहे का मी?"

"यात माणूस त्रिकोण जोडून करावा लागतो, ते कमी पडले," आई म्हणाली. "आणखी बारीक केलं तर मशीन अडखळतं."

"म्हणजे मला बारीक करायला मोठं मशीन पाहिजे," बाबा म्हणाले आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले. थोड्या वेळानं वरून त्यांनी हाक मारली, "दिसतोय का गं?" आईनं इकडून ओरडून सांगितलं, "दिसताय! डावीकडे सरका!"

तिनं ते उज्जैन इंटरनेटवर फुकट ठेवलं होतं, अशा लोकांसाठी एक पान होतं तिथे. जगभरचे हौशी लोक आपापली गावं करून तिथे ठेवायचे. कुणी आपल्या बेटाची धावपट्टी केली होती, कुणी आजोळच्या डोंगरातली. एका बर्फाच्या देशातल्या माणसानं आईला लिहिलं होतं की तुमच्या गावात आज मी उतरलो, नदी फार सुंदर वळते, आणि एका छतावर कुणी माणूस झाडांना पाणी घालतोय, तो कोण? आईनं त्या पत्राची प्रिंट काढून बाबांना दिली. ती त्यांच्या बँकेच्या डायरीत बरेच दिवस होती.

बाबा गेले तेव्हा माघ होता. घरात पाहुणे होते, मग पाहुणे गेले. दहाव्याचे विधी व्यास पंडितजींनीच केले. त्या दिवशी संकल्पात नदी, तट, तिथी, वार, आणि सगळ्यात शेवटी बाबांचं नाव आलं.

दोन महिने आई मागच्या खोलीत गेली नाही. मग एके दिवशी मी आले असताना चारला चहाचा वास आला आणि पाठोपाठ वाळ्याचा. मी दारात जाऊन उभी राहिले. तिनं पदर खोचला होता. विमान देवास रस्त्याच्या धावपट्टीवरून उठलं आणि दोन हजार फुटांवर आलं. "समुद्रापासून मोजलं तर," ती मला शिकवायची, "आपण जमिनीवरच सोळाशे फूट आहोत. म्हणजे दोन हजार म्हणजे छतापासून चारशेच." नानाखेड्यावर तिनं वळण घेतलं, एक, दुसरं, तिसरं. छतावर ते उभे होते. झारी वाकडी धरून. पाणी कधी पडत नव्हतं, संपत नव्हतं.

ती रोज जायची.

बाहेरचं शहर बदलत गेलं. सिंहस्थ आला, गेला, रस्ते रुंद झाले. घरांच्या पुढच्या भिंती गेल्या, त्या आईनं फोटो काढलेल्या. घाटावरची मांडामांड बदलली, पंडितजींचं तख्त दुसरीकडे गेलं. पूर्वी काही बदललं की आई वही काढायची. आता नाही. "यात आता काही बदलायचं नाही," ती म्हणाली. पंडितजी फोनवर म्हणायचे, "मैडम, आपके उज्जैन में तो मैं अभी भी पीपल के पास बैठा हूँ!" ती म्हणायची, "बैठे रहिए।"

दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, लाइट गेली आणि परत आली तेव्हा कंप्यूटर सुरू झाला नाही. फ्रीगंजच्या दुकानातले राठौरजी स्वतः आले, पन्नाशीचे गृहस्थ, त्यांनी कान लावून आतला टिकटिक आवाज ऐकला आणि डॉक्टर मान हलवतात तशी हलवली. "डिस्क गई, मैडम। इसमें से कुछ नहीं निकलेगा।"

पण आई भूगोलाची मास्तरीण होती. अलमारीत, साड्यांच्या खाली, तिनं सगळं सीड्यांवर उतरवून ठेवलेलं होतं. पाकिटांवर तिच्या अक्षरात: उन्हाळा. पावसाळा. घाट. नानाखेडा. दोन सीड्यांवर बुरशीचे ठिपके होते, बाकी चांगल्या निघाल्या. राठौरजींनी नवी डिस्क बसवली. मी रजा काढून आले होते. विमानाचा मूळ प्रोग्राम घातला, सगळं नीट चाललं होतं, आई शेजारी खुर्ची ओढून बसली होती.

मग पडद्यावर एक चौकोन आला. प्रोग्राम सुरू करण्याआधी एकदा कंपनीच्या तिकडच्या मशीनकडून परवानगी घ्यावी लागते. पूर्वीही घेतली असणार, कुणाच्या लक्षात होतं? मी बटण दाबलं. गोल फिरायला लागलं. फिरत राहिलं. मग अक्षरं आली की तिकडून उत्तर येत नाही, थोड्या वेळानं पुन्हा बघा.

थोड्या वेळानं बघितलं. संध्याकाळी बघितलं. दुसऱ्या दिवशी बघितलं.

मी इंदूरला जाऊन शोधत बसले तेव्हा कळलं की ते तिकडचं मशीन कंपनीनं कधीचंच बंद केलंय. जुना प्रोग्राम आता कुणी वापरत नाही असं त्यांनी ठरवलं होतं. मी पत्र लिहिलं. उत्तर आलं, त्यात माझं नाव होतं आणि नवा प्रोग्राम घेण्याची विनंती होती. ते माणसानं लिहिलेलं नव्हतं. मग मी ते हौशी लोकांचं पान शोधलं. पान नव्हतं. त्या बर्फाच्या देशातल्या माणसाला मी आईच्या वतीनं लिहिलं, ते पत्र पत्ता नाही म्हणून परत आलं. जुनी गावं नव्या प्रोग्रामात नेण्याची एक युक्ती कुणीतरी करत होता असं एका ठिकाणी वाचलं. त्याचा शेवटचा निरोप होता की सध्या वेळ मिळत नाही. खाली लोकांनी विचारलं होतं, काही प्रगती? काही कळलं का? कुणी आहे का? सगळ्यात खालच्या प्रश्नाखाली मीही विचारलं. मग कुणी काही विचारलं नाही.

मला तेव्हा कळलं की ही एकट्या आईची गोष्ट नाही. त्या सगळ्यांची बेटं, धावपट्ट्या, आजोळं कुठे कुठे सीड्यांवर पडून आहेत. माणसांनी वर्षानुवर्षं विटेवर वीट ठेवली, पण खालची जमीन त्यांची नव्हतीच. नवं आलं की जुनं उघडायचं बंद होतं. आणि नव्यातलं तर घरात काहीच नसतं म्हणे. डोंगर, नद्या, आभाळ, सगळं उडता उडता दुरून येतं. तिकडे कुणी दिवा मालवला की तेही संपलं.

तरी मी नवा प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर घेतला आणि घेऊन आले. दुपार होती. आईनं चहा ठेवला, चाप लावला. मी म्हटलं, "आई, यात उज्जैन आहे. कुणी केलेलं नाही, उपग्रहाच्या फोटोंवरून आपोआप होतं."

"आपोआप?"

"हो."

ती बसली. नवी दांडी तिला मोठी झाली, दोन्ही हातांनी धरली. विमान उठलं. आणि खरंच खाली उज्जैन होतं. नदी होती, बरोबर वळलेली. रस्ते होते, नवे, रुंद. मी आनंदानं तिच्याकडे बघितलं. ती पुढे वाकून बघत होती.

विमान खाली आलं तसं दिसायला लागलं. घरं होती, पण कुठलीही घरं. मशीननं वरून छपरं बघितली आणि खाली अंदाजानं भिंती उभ्या केल्या. हरसिद्धीच्या जागी काचेच्या खिडक्यांची एक कचेरी होती. घाटाच्या पायऱ्या ओल्या पुठ्ठ्यासारख्या एकमेकींत मिसळल्या होत्या. आई नानाखेड्यावर आली. मी दुसरीकडे बघायचं ठरवलं होतं, पण बघितलं. आमच्या घराच्या जागी मशीननं झाड लावलं होतं. आमच्या कुंड्या वरून हिरव्या दिसल्या असतील.

आईनं तिथे वळण घेतलं नाही. सरळ गेली, धावपट्टीवर नीट उतरली, कडेला नेऊन विमान उभं केलं, इंजिन बंद केलं, दिवे बंद केले. सगळं क्रमानं.

"छान केलंय," ती म्हणाली. परक्याच्या घरची रांगोळी बघून म्हणावं तसं. मग कप उचलून आत गेली.

लॅपटॉप मी परत नेला.

मी तिला विचारलं होतं, खऱ्या विमानात बसूया का? इंदूरहून पुण्याला तासाभरात जातं. ती म्हणाली, "काय करू बसून? ते आपल्या घरावरून कुठे जातं?"

यंदा संक्रांतीनंतर मी आले होते. चारच्या सुमारास फाटक वाजलं. व्यास पंडितजी होते. आता घाटावर त्यांचे पुतणे बसतात, ते अधूनमधून. काठी आली आहे, घसा बसलेला असतो. त्यांनी तिळाचे लाडू आणले होते. आईनं त्यांना मागच्या खोलीतच बसवलं, तिथे ऊन येतं. आताशा तिला नावं सापडत नाहीत, शेजाऱ्यांची, भाज्यांची. पण पंडितजींना तिनं लगेच ओळखलं.

ते खाटेवर बसले, कंप्यूटरकडे बघितलं. "क्यों मैडम, आज उड़ान नहीं?"

"मशीन कहाँ है पंडितजी।"

"मशीन तो मेरे पास कभी थी ही नहीं," ते म्हणाले. "आप बोलती थीं, मैं निशान लगाता था। आज भी बोलिए।"

आई हसली. मग खुर्चीत ताठ बसली. हात मांडीवर, पण उजव्या हाताची मूठ हळूच वळली.

"देवास रोड की पट्टी पर हूँ," ती म्हणाली.

पंडितजींनी कानाला हात लावला, फोन धरावा तसा. "उत्तर से हवा है। आप उड़ सकती हैं।"

"उडाले." तिचे डोळे मिटलेले होते. "दोन हजार फूट. डावीकडे शेतं. हरभरा आहे. आता नानाखेडा." तिची मूठ कलली, एकदा, दोनदा, तीनदा. पंडितजींनी घाई केली नाही. "आता वेधशाळा. नदी लागली. नदीबरोबर वळतेय... राम घाट. तुमची छत्री दिसली."

"जी मैडम।"

"हरसिद्धी उजवीकडे. दोन दीपमाळा. आता नदी ओलांडते. दत्त अखाडा." ती थांबली. "त्याच्या मागे..."

पंडितजी पुढे वाकले.

"दत्त अखाड्याच्या मागे काय होतं गं?" तिनं डोळे उघडून मला विचारलं.

मी तिथे गेले होते. मीच तिथे उभी होते, मीच आकडे लिहिले होते. थंडी आठवत होती, धुकं आठवत होतं, बाबा लांब स्कूटरला टेकून उभे होते ते आठवत होतं. पण तिथे समोर काय होतं आणि आम्ही काय मोजलं, ते काही येईना.

"पंडितजी, उसके पीछे क्या था?"

"पीछे तो सड़क है, मैडम। वो चौड़ी वाली। और वो नए वाले..."

"अब नहीं। तब."

पंडितजींची बोटं काठीवर हलत होती, पायऱ्या मोजाव्यात तशी. मी अलमारीकडे बघितलं. त्या सीडीवर असेल. सगळं असेल, मापासकट.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. आई उठली. "वरण लावलंय," ती म्हणाली आणि आत गेली.

पंडितजी कानाला हात लावून तसेच बसले होते. आतून गॅस बंद झाल्याचा आवाज आला, मग भांड्यांचा, मग गॅस पुन्हा पेटल्याचा, मग नळाचा. नळ बराच वेळ चालू होता. त्यांनी हात खाली घेतला, काठी शोधली. माझ्याकडे बघून म्हणाले, "बेटी, मैडम से कहना..." दारात वाकून त्यांनी चपला पायात सरकवल्या. मी फाटकापर्यंत गेले, परत आले.

आई पदराला हात पुसत खोलीत आली. तिच्या हातात चहाचा भरलेला कप होता. तिनं खाटेकडे बघितलं.

"हे काय," ती म्हणाली, "चहा न घेताच गेले?"